‘पूर्वी पृथ्वीही सपाटच म्हणत होते ना?’: एलियन मानायला आधार किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “पूर्वी सगळे विद्वान पृथ्वी सपाट आहे म्हणायचे, गोल म्हणणाऱ्याला वेड्यात काढायचे. आज तेच विद्वान एलियनचा पुरावा नाही म्हणतात. उद्या हेही तोंडघशी पडणार नाहीत कशावरून? आणि एलियन मानणाऱ्यांकडे आधार तरी काय आहे?”

रेडिओ दुर्बिणीच्या डेटात डोकं घालून माझी पंचवीसेक वर्षं गेली. व्याख्यान संपलं की पहिला हात वर होतो तो बहुतेक वेळा याच प्रश्नासाठी. त्याचं पहिलं वाक्यच खरं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पृथ्वी सपाट आहे असं फार जुन्या काळी बहुतेक संस्कृतींनी मानलं, यात वाद नाही. पुराणांत मेरू पर्वताभोवती जंबुद्वीप, त्याभोवती समुद्र, पुन्हा द्वीप, अशी ताटासारखी पसरलेली पृथ्वी आहे. चीनमध्ये आकाश गोल आणि जमीन चौकोनी. ग्रीकांत अ‍ॅनॅक्सिमँडर तिला खांबाच्या तुकड्यासारखी मानायचा. पण आकाशाची मोजमापं करणाऱ्या लोकांनी हे चित्र फार लवकर सोडलं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटल पृथ्वीच्या गोलपणाचे पुरावे देतो. आर्यभट ४९९ साली कदंबाच्या फुलाची उपमा देतो: फुलाच्या गोंड्यावर जसे चहूबाजूंनी केसर, तसे भूगोलावर चहूबाजूंनी प्राणी. शाळेत आपण ज्या विषयाला भूगोल म्हणतो त्या शब्दातच ‘गोल’ आहे, आणि तो शब्द काही काल-परवाचा नाही.

मग कोलंबसला सपाट पृथ्वीवाल्या पाद्र्यांशी भांडावं लागलं त्याचं काय? तसं भांडण झालंच नाही. ही गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसवण्यात १८२८ साली आलेल्या वॉशिंग्टन आयर्विंगच्या कोलंबस-चरित्राचा मोठा वाटा आहे. खरा वाद आकारमानाचा होता. कॅनरी बेटांपासून जपान साधारण साडेचार हजार किलोमीटर असेल असा कोलंबसचा हिशेब होता. प्रत्यक्षात ते अंतर एकोणीस हजारांच्या वर आहे. त्याला विरोध करणारे विद्वान बरोबर होते, चूक कोलंबसची होती. मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून माणूस वाचला. तेव्हा ‘विद्वान चुकले, वेडा जिंकला’ या कथेचा आदर्श नमुना म्हणून जे उदाहरण दिलं जातं, ते नेमकं उलटं आहे.

तरीही प्रश्नातली तुलना मला आवडते, कारण ती वेगळ्या बाजूने फार उपयोगी पडते. पृथ्वी गोल आहे हे *कसं* ठरलं ते पाहिलं, की एलियनच्या बाबतीत आपण नेमके कुठे उभे आहोत ते दिसतं.

एरॅटोस्थेनीस या प्राचीन ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा परीघ मोजला, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सायीन गावात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर, त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावलीचा कोन ७.२ अंश, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांतलं अंतर पाच हजार स्टेडिया (ग्रीकांचं अंतराचं माप), म्हणून परीघ अडीच लाख स्टेडिया. छान. पण यातून पृथ्वी गोल असल्याचं *सिद्ध* होतं का? नाही होत! पृथ्वी सपाट आहे आणि सूर्य जवळ आहे, असं धरलं तरी दोन गावांत सावलीचे कोन वेगळेच येणार. अंतर ८०० किलोमीटर धरून गणित केलं, तर सपाट पृथ्वीवर सूर्य सुमारे ६,३०० किलोमीटर उंचीवर लटकलेला निघतो. (हा आकडा पृथ्वीच्या त्रिज्येजवळ येतो तो योगायोग नाही, लहान कोनांना दोन्ही गणितं जवळपास एकच होतात.) प्राचीन चिनी गणितज्ञांनी नेमकं हेच केलं. जमीन सपाट धरली, काठीच्या सावल्या मोजल्या आणि सूर्याची उंची ८०,००० ली (चिनी अंतराचं माप) काढली. तीच काठी, तीच सावली, उत्तर मात्र भलतंच. एरॅटोस्थेनीसला गोलपणा सिद्ध करायचा नव्हताच, तो त्याला आधीच ठाऊक होता. त्याला माप हवं होतं.

दोन गावांनी भांडण सुटत नाही, लांबचं तिसरं लागतं. सूर्य डोक्यावर असलेल्या ठिकाणापासून चार हजार किलोमीटर दूर जा. पृथ्वी गोल असेल तर सावलीचा कोन ३६ अंश येईल, सपाट असेल तर ३२च्या आसपास. चार अंशांचा फरक साध्या काठीनेसुद्धा कळतो. आमच्या धंद्यात पुरावा म्हणतात तो याला. आपल्या म्हणण्याशी जुळणारी गोष्ट मिळाली एवढ्याने भागत नाही, समोरच्याच्या म्हणण्याशी ती *न जुळणारी* असावी लागते.

अ‍ॅरिस्टॉटलचा चंद्रग्रहणाचा मुद्दा याच कसोटीवर भारी आहे. चंद्रावर पडलेल्या पृथ्वीच्या सावलीची कड गोल दिसते. ताटाची सावलीही गोल पडेल, असं कुणी म्हणेल. पण ग्रहण डोक्यावर असो की क्षितिजाला टेकलेलं, कड दर वेळी गोलच. तिरक्या प्रकाशात ताटाची सावली लांबट पडली असती. कुठूनही प्रकाश टाकला तरी गोल सावली देणारी वस्तू एकच, चेंडू. शिवाय त्याने दुसराही मुद्दा मांडला होता: इजिप्त आणि सायप्रसमध्ये दिसणारे काही तारे उत्तरेला गेलं की दिसेनासे होतात.

आणि मग ‘मला तर सपाटच दिसते’ याचं काय? त्याला भास्कराचार्यांनी ११५०च्या सिद्धान्तशिरोमणीत उत्तर देऊन ठेवलंय. परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, पृथ्वी अफाट आणि माणूस इवलासा, म्हणून त्याला ती सारी सपाट भासते. पृथ्वी कशावर तरी टेकली असेल तर ती वस्तू कशावर टेकली, आणि सगळीकडे सारखंच आकाश असताना पृथ्वी पडणार तरी कुठे, हे त्यांचे प्रश्न आजही वर्गात विचारावेत इतके ताजे आहेत.

आता एलियनकडे वळतो, आणि गंमत म्हणजे तिथेही पहिला अ‍ॅरिस्टॉटलच भेटतो. त्याचं म्हणणं, जड पदार्थ विश्वाच्या केंद्राकडे पडतात. चहूबाजूंनी माती केंद्राकडे आली की गोळाच होणार, म्हणून पृथ्वी गोल. आणि केंद्र एकच, म्हणून जगही एकच, दुसरी पृथ्वी असूच शकत नाही. एकाच तर्कातून एक उत्तर बरोबर निघालं, दुसरं चूक. पहिल्याच्या मागे ग्रहण आणि तारे उभे होते, दुसऱ्याच्या मागे नुसता तर्क. त्याच शतकात मेट्रोडोरस नावाचा ग्रीक विचारवंत म्हणत होता की एवढ्या मोठ्या शेतात एकच कणीस उगवावं हे जितकं विचित्र, तितकंच अनंत अवकाशात एकच जग असणं विचित्र.

आज एलियन मानणाऱ्यांचा मुख्य आधार, खरं सांगायचं तर, अजूनही हेच कणीस आहे. फक्त शेताचं माप आता आपल्याला बरंच नीट माहीत झालंय. आपल्या आकाशगंगेत किमान शंभर अब्ज तारे आहेत. १९९५ साली मेयर आणि केलो यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह शोधला, आता खात्रीने माहीत असलेले परग्रह सहा हजारांच्या घरात गेलेत, आणि सरासरीने ताऱ्यामागे एक तरी ग्रह आहे असं दिसतं. कच्चा मालही सगळीकडे आहे. १९६९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत अमिनो आम्लं सापडली. बेनू या लघुग्रहावरून २०२३ साली आणलेल्या मातीत तर जीवसृष्टी वापरते त्या वीसपैकी चौदा अमिनो आम्लं निघाली, शिवाय डीएनए आणि आरएनएची पाचही अक्षरं. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे. त्यातून उडणाऱ्या फवाऱ्यांत हायड्रोजन आणि फॉस्फरसची संयुगं मिळाली. इकडे पृथ्वीवर १९७७ साली समुद्रतळाशी, सूर्यप्रकाशाचा मागमूस नसलेल्या गरम झऱ्यांभोवती, जिवांची वस्तीच्या वस्ती दिसली, आणि ‘जीवनाला ऊन लागतंच’ ही समजूत मोडली.

हे सगळं पक्कं आहे. पण हे शेत आहे, खत आहे, पाणी आहे. कणीस नाही.

अडचण अशी की बी रुजण्याची शक्यता किती, हे आपल्याला एकाच कणसावरून काढायचंय. जीवन सुरू होण्याची शक्यता दर ग्रहामागे दहात एक असेल, किंवा शंभर अब्जांच्या शंभर अब्जांत एक असेल, दोन्ही बाबतींत आपल्याला दिसणारं चित्र एकच राहील: एक पृथ्वी, तिच्यावर हा प्रश्न विचारणारे आपण. जिथे काही उगवलंच नाही तिथे प्रश्न विचारायला कुणी नसतं. पृथ्वीवर जीवन लवकर सुरू झालं, म्हणून ते सोपं असावं, असाही एक मुद्दा मांडतात. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं, जीवनाच्या खुणा किमान साडेतीन अब्ज वर्षं जुन्या. मुद्द्यात थोडा दम आहे. पण आपल्यासारखा प्राणी घडायला तीन-चार अब्ज वर्षं लागत असतील, तर ज्या ग्रहावर सुरुवात उशिरा झाली तिथे हा मुद्दा मांडणारं कुणी अजून घडलेलंच नसेल. मग लवकर सुरुवात झालेली दिसणं हे आपल्या नशिबात होतंच.

म्हणून मला विचाराल, तर आजचा एलियनवरचा विश्वास अ‍ॅरिस्टॉटलच्या आधी पृथ्वी गोल म्हणणाऱ्या पायथागोरसपंथीयांच्या पायरीवर आहे. गोल हा सर्वांत परिपूर्ण आकार, म्हणून पृथ्वी गोल, असा त्यांच्या विचाराचा ओघ होता. उत्तर बरोबर निघालं. पण ग्रहणाची सावली अजून कुणी पुढे ठेवलेली नव्हती.

या दोन्ही प्रश्नांत हात घातलेला एक माणूस आहे, आणि त्याची गोष्ट मी टाळूच शकत नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेस. डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा. १८७० साली जॉन हॅम्पडेन नावाच्या सपाटवाद्याने पाचशे पौंडांची पैज लावली: पाण्याचा फुगवटा दाखवा. वॉलेस तरुणपणी जमीनमोजणीचं काम केलेला माणूस, त्याने ती घेतली.

जागा ठरली इंग्लंडमधला सहा मैलांचा सरळसोट बेडफोर्ड कालवा. इथेच १८३८ साली रोबॉथम नावाच्या गृहस्थाने पाण्यात उभं राहून, डोळे पाण्यापासून वीतभर उंचीवर ठेवून, दूर जाणारी होडी शेवटपर्यंत पाहिली होती आणि पृथ्वी सपाट असल्याचं जाहीर केलं होतं. त्याने खोटं सांगितलं असं नाही. थंड पाण्याला लागून असलेली हवा दाट असते, त्यातून जाणारा प्रकाश खाली वाकतो, आणि फुगवट्यामागची होडी वर उचलल्यासारखी दिसते. वॉलेसला हे ठाऊक होतं. त्याने दृष्टिरेषाच उचलली: दुर्बीण, मधली खूण आणि पलीकडच्या पुलावरची खूण, तिन्ही पाण्यापासून तेराएक फुटांच्या एकाच उंचीवर. पाणी सपाट असेल तर तिन्ही एका रेषेत यायला हव्यात. वक्र असेल तर मधली खूण दोन टोकांच्या रेषेच्या वर दिसायला हवी. गणिताने सहा फूट, प्रकाशाच्या वाकण्याने थोडं कमी. तिसरं गाव आठवलं ना? इथे तिसरी खूण.

मधली खूण वर दिसली. आणि हॅम्पडेनच्या बाजूचा पंच त्याच दुर्बिणीतून तेच दृश्य पाहून म्हणाला, बघा, पृथ्वी सपाट असल्याचं सिद्ध झालं! मुख्य पंचाने निकाल वॉलेसच्या बाजूने दिला. पण हॅम्पडेनने पुढे कित्येक वर्षं त्याला पत्रं, पत्रकं, शिव्याशाप आणि खटल्यांनी छळलं, त्यापायी स्वतः तुरुंगातही गेला. पैज जिंकून वॉलेसच्या पदरी तोटाच पडला. सपाटवाद्यांशी ऑनलाइन वाद घालायला निघालेल्या तरुणांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

मंगळाकडे तो वळला त्यानंतर सदतीस वर्षांनी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. १८७७ साली शियापारेल्लीने मंगळावर रेषा पाहिल्या, पुढे पर्सिव्हल लॉवेलने ठरवलं की ते तिथल्या बुद्धिमान लोकांनी खोदलेले कालवे आहेत. हजारो लोकांनी ते मानलं. वॉलेस दुर्बिणीत रेषा दिसतात की नाही या वादात अडकलाच नाही. त्याने मंगळावर पोचणारी उष्णता आणि तिथली विरळ हवा यांचा हिशेब मांडला आणि सांगितलं की तापमान गोठणबिंदूच्या बरंच खाली असणार, हजारो किलोमीटर उघडं पाणी वाहून नेणं अशक्य. साठ वर्षांनी यानं तिथे गेली आणि हिशेब बरोबर निघाला. कालवे हा डोळ्यांचा भास होता.

पण हाच वॉलेस आपली पृथ्वी ताऱ्यांच्या समूहाच्या मध्याजवळ आहे, म्हणून जीवसृष्टी फक्त इथेच, असंही ठामपणे मांडून बसला होता. आकाशगंगेच्या केंद्रापासून आपण सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षं दूर निघालो. हिशेब केला तिथे बरोबर आला, मनाला पटलं म्हणून पुढे गेला तिथे आपटला. एकाच माणसात दोन्ही.

आता स्वतःचं एक सांगतो, म्हणजे ‘सिग्नल आला’ याचा अर्थ कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वीची रात्रपाळी. आमची पद्धत साधी: पाच मिनिटं दुर्बीण ताऱ्यावर, पाच मिनिटं बाजूच्या रिकाम्या आकाशावर, पुन्हा ताऱ्यावर. सिग्नल खरोखर ताऱ्याचा असेल तर तो ताऱ्यावर असतानाच दिसणार. त्या रात्री स्क्रीनवर एक अतिशय बारीक, सरळ रेष उमटली. ताऱ्यावर आहे, बाजूला नाही. पुन्हा आहे, पुन्हा नाही. निसर्गात इतक्या अरुंद पट्टीत काही बोलत नाही. छातीत धडधडायला लागलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

रेष सरळ होती, हाच तिचा गुन्हा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आपली दुर्बीण ताऱ्याच्या सापेक्ष सतत वेग बदलत असते आणि दूरवरून येणारी फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकते. १४२० मेगाहर्ट्झला हे सरकणं जास्तीत जास्त सेकंदाला ०.१६ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे अगदी किरकोळ, पण पाच मिनिटांत रेष तिरकी झालेली नजरेला कळते. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेला जाताना दिसतात, हे आर्यभटाने सांगितलं होतं. आमच्या नावेचा हिशेब त्या रेषेत नव्हता. म्हणजे सिग्नल पाठवणारा आमच्याबरोबर त्याच नावेत बसला होता. शोधता शोधता पहाट झाली. कंट्रोल रूममधला नवा मॉनिटर! मी ‘ताऱ्यावर, मग बाजूला’ या जोडीची कमांड टाइप केली की तो जागा व्हायचा, पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की झोपायचा. दुर्बीण ताऱ्यावरून बाजूला सरकायची ती नेमकी त्याच सुमाराला.

तेव्हापासून कुणी ‘सापडले’ म्हटलं की माझा प्रश्न ठरलेला असतो: मॉनिटर कुठे आहे? १९९६ साली मंगळावरून आलेल्या उल्केत जिवाणूंचे अवशेष असल्याचं जाहीर झालं, त्यातली प्रत्येक खूण निर्जीव रसायनशास्त्रानेही घडू शकते हे पुढे दिसलं. २०२० साली शुक्रावर फॉस्फिन, २०२५ साली के२-१८बी या ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडचा माग. पृथ्वीवर हे दोन्ही वायू जिवांशी जोडले जातात, पण या दोन्ही दाव्यांवर वाद आहे. सिग्नल खरा का, इथपासून सुरुवात आहे. पर्सिव्हिअरन्स रोव्हरला मंगळावरच्या एका खडकात बिबट्याच्या कातडीवर असतात तसे ठिपके दिसले आहेत. पृथ्वीवर असे ठिपके बऱ्याचदा जिवाणूंमुळे होतात, पण ‘बऱ्याचदा’ हा शब्द सोडू नका. उडत्या तबकड्यांचं थोडक्यात सांगतो: नासाने नेमलेल्या स्वतंत्र गटाने २०२३च्या अहवालात त्या परग्रहावरच्या असल्याचा पुरावा नसल्याचं नोंदवलं. मला लोक दाखवतात त्या व्हिडिओंत बहुतेक शुक्र असतो, किंवा उपग्रहांची माळ.

मग काय मिळालं तर मी मानेन? त्याची रंगीत तालीम झालेली आहे. डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान वेग घेण्यासाठी पृथ्वीजवळून गेलं. तेव्हा कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याची उपकरणं पृथ्वीकडेच वळवून पाहिलं: इथे जीवसृष्टी आहे हे माहीत नसतं, तर कळलं असतं का? हवेत भरपूर ऑक्सिजन, आणि त्याच हवेत मिथेन. हे दोन वायू एकत्र टिकत नाहीत, कुणीतरी सतत ओतत असेल तरच टिकतात. जमिनीवर लाल प्रकाश गिळणारं, कोणत्याही माहीत खडकाशी न जुळणारं रंगद्रव्य. आणि अरुंद पट्टीतले, चढउतार असलेले रेडिओ सिग्नल. एकेकट्याला फाटे फोडता येतात. तिन्ही एकाच ग्रहावर, एकाच वेळी म्हटल्यावर निर्जीव स्पष्टीकरणवाल्याला जागाच उरत नाही.

दुसऱ्या कुठल्याही ग्रहाबद्दल अशी तीन ओळींची नोंद आजवर झालेली नाही. सूक्ष्मजीव कुठेतरी असतील असं मला वाटतं, आणि ते वाटणं मेट्रोडोरसच्या कणसाइतकंच वजनदार आहे, त्याहून जास्त नाही. गुरूच्या युरोपा चंद्राकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये एक यान निघालंय, २०३० साली ते गुरूजवळ पोचायचं आहे. ते जीव शोधायला नाही, तिथल्या बर्फाखालचा समुद्र जीवनाला मानवेल का, हे तपासायला चाललंय. म्हणजे पुन्हा शेतच. पण या वेळी जवळ जाऊन.